शिवलेली कंडरा आणि कोणीच न मोजलेले बारा आठवडे

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि
मा. मंत्री, कामगार विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : हाताच्या शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांना शासकीय योजनांत आणि नुकसानभरपाईच्या हिशेबात स्थान मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि गेली एकवीस वर्षे कोल्हापूर जिल्ह्यात जखमी हातांवर काम करते. माझ्याकडे येणारा माणूस रूढ अर्थाने आजारी नसतो. त्याला ताप नसतो, जखम भरलेली असते, टाके निघालेले असतात आणि त्याच्या कागदावर शस्त्रक्रिया व्यवस्थित झाल्याची नोंद असते. बोट वाकत नाही, एवढीच त्याची तक्रार असते. कोणाचा हात पत्र्याच्या धारेने कापलेला असतो, कोणाचा यंत्रमागाच्या चक्रांत सापडलेला असतो, कोणाचा कडबाकुट्टीत गेलेला असतो, तर कोणाला उसात विळा लागलेला असतो. यातल्या बहुतेकांची शस्त्रक्रिया आज सरकारी योजनेतून किंवा कामगार विम्यातून होते, आणि ती सोय या राज्यात उभी राहिली याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही हे पत्र लिहावे लागते आहे, कारण राज्य शस्त्रक्रियेचा खर्च उचलते आणि तिच्या पाठोपाठ येणाऱ्या बारा आठवड्यांकडे पाहत नाही. हाताच्या बाबतीत हे पेरणीला अनुदान देऊन पाण्याची पाळी बंद ठेवण्यासारखे आहे.

असे का म्हणते ते कळण्यासाठी बोटाची रचना थोडी सांगावी लागेल. बोटे जोराने वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात. त्यांची ओढ बोटापर्यंत पोचवणाऱ्या पांढऱ्या, चिवट दोऱ्यांना कंडरा म्हणतात. आपल्याकडे त्यांना सरसकट ‘शीर’ किंवा ‘नस’ म्हटले जाते, आणि रक्तवाहिनीला व मज्जातंतूलाही तेच म्हटले जाते, त्यामुळे ‘नस कापली’ असे कोणी सांगितले की नेमके काय कापले हे हात पाहिल्याशिवाय समजत नाही. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटात वाकवणाऱ्या दोन कंडरा असतात. एक मधल्या पेरापाशी थांबते आणि दुसरी तिच्यामधूनच वाट काढून शेवटच्या पेरापर्यंत जाते. दोन्ही एका अरुंद नळीतून, हाडाला धरून असलेल्या कड्यांखालून सरकतात. तळहाताच्या पुढच्या रेषेपासून मधल्या पेराच्या मध्यापर्यंतच्या या पट्ट्याला स्टर्लिंग बनेल या अमेरिकी सर्जनने ‘नो मॅन्स लँड’ म्हटले होते. इथे कापलेली कंडरा जोडली तर ती आजूबाजूला चिकटे आणि बोट काठीसारखे ताठ राही, म्हणून ती तेव्हाच्या तेव्हा जोडूच नये, जखम भरल्यावर शरीरातली दुसरी कंडरा आणून बसवावी, असाच त्या काळचा सल्ला होता.

हा सल्ला बदलला तो केवळ धागे आणि टाके सुधारले म्हणून नव्हे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलचे सर्जन हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पट्ट्यात ताबडतोब जोडलेल्या कंडरांचे चांगले निकाल मांडले, आणि त्यांच्या पद्धतीचे मर्म शस्त्रक्रियेनंतरच्या हालचालीत होते. नखाला अडकवलेल्या रबरबँडने बोट आपोआप वाकायचे आणि रुग्णाने ते स्वतः फक्त सरळ करायचे. त्यानंतर पद्धती बऱ्याच बदलल्या, पण तत्त्व तेच राहिले. जोडलेली कंडरा हलवली नाही तर चिकटते, आणि नको तेव्हा जोर दिला तर तुटते. पहिल्या काही आठवड्यांत जोड इतका मऊ असतो की या दोन्हींमधली वाट फार अरुंद असते. म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास हाताच्या मागच्या बाजूने बसणारा स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार, करावा लागतो. त्यात मनगट आणि बोटांची मुळे योग्य कोनात वाकवून ठेवलेली असतात. दिवसभरात दर तासाला ठरलेली हालचाल करायची असते, साधारण सहा आठवडे हे बंधन पाळायचे असते, आणि पुढे हळूहळू ताकद वाढवत बाराव्या आठवड्याच्या आसपास जड कामाला हात लावायचा असतो. शस्त्रक्रिया एक-दोन तासांत संपते. पुढचे हे तीन महिने मात्र रुग्णाने, त्याच्या घरच्यांनी आणि माझ्यासारख्या कोणीतरी मिळून काढायचे असतात.

हातकणंगले तालुक्यातला एक तरुण शस्त्रक्रियेनंतर सात आठवड्यांनी माझ्याकडे आला होता. पत्र्याने त्याच्या करंगळीच्या आणि अनामिकेच्या कंडरा कापल्या होत्या. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे काम मी व्रणावरून आणि कागदावरून ओळखते. ते उत्तम होते. पण प्लास्टर घालून ‘सहा आठवड्यांनी दाखवणे’ असे लिहून त्याला घरी सोडले होते, आणि त्याने ती सूचना प्रामाणिकपणे पाळली होती. “मॅडम, शिवलंय चांगलं, पण बोट माझं ऐकत नाही,” असे तो म्हणाला. अशा वेळी काही महिने व्यायाम करून पाहायचे आणि मग चिकटलेली कंडरा मोकळी करण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करायची, एवढाच मार्ग उरतो. त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर तर दुसऱ्याच दिवसापासून हालचाल करावी लागते. ठेकेदाराकडे पुन्हा सुट्टी मागण्याची त्याची हिंमत झाली नाही. आता तो ज्या औद्योगिक वसाहतीत काम करायचा तिथेच पहारेकरी आहे.

शिरोळ तालुक्यातल्या एका बाईंची गोष्ट उलट बाजूची आहे. त्यांना कोणीतरी चौथ्या आठवड्यात मऊ चेंडू दाबत राहायला सांगितले. हा चेंडू आमच्या क्षेत्रातली एक साथ आहे; हाताचे काहीही झालेले असो, चेंडू दाबा. ताज्या जोडावर मूठ आवळण्याचा पूर्ण जोर आला आणि एका संध्याकाळी बोट अचानक सैल पडले. तो जोड पुन्हा शिवता आला नाही.

दोघांपैकी कोणाच्याही शस्त्रक्रियेत चूक नव्हती.

आता योजनांकडे वळते. आयुष्मान भारत योजनेत प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे आणि आपल्या राज्यात ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडून चालवली जाते. तिच्या मांडणीत रुग्णाला घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस पॅकेजमध्ये धरले जातात. पित्ताशयाच्या किंवा आतड्याच्या शस्त्रक्रियेला ही मुदत पुरत असेल. कंडरेचा पंधरावा दिवस म्हणजे मात्र कामाची नुकती सुरुवात असते, आणि त्या काळात जोड जपूनच हाताळावा लागतो. त्यानंतर स्प्लिंट बदलायचा तर खर्च रुग्णाचा, आठवड्यातून दोनदा यायचे तर एसटीचे भाडे त्याचेच आणि बुडालेली मजुरीही त्याचीच. माझ्याकडचे बहुतेक रुग्ण पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास यायचे थांबतात. बरे वाटले म्हणून थांबणारे थोडे असतात. बाकीच्यांना यायला परवडत नाही.

कामगार विम्यात तर याची तरतूद कागदावर आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार या विम्याखाली येतो, आणि कामावर झालेल्या इजेमुळे तात्पुरते अपंगत्व आले तर त्या काळात त्याला सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. हा लाभ वैद्यकीय प्रमाणपत्रावर चालतो, आणि ते प्रमाणपत्र बहुतेक वेळा टाके निघाले किंवा प्लास्टर कापले की संपते. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना जखम दिसते आणि ती भरलेली असते. कंडरा दिसत नाही. कामगार ‘फिट’ ठरतो आणि त्याच हाताने सातव्या आठवड्यात पत्रा उचलायला जातो. शेतमजूर बाईला तर हा विमाच नाही.

यानंतर तो तक्ता येतो, ज्याच्यावर बोटांची किंमत ठरते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातून आलेल्या आणि २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या अनुसूचीत प्रत्येक अवयवासमोर कमाईची क्षमता किती टक्के घटली ते लिहिलेले आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. हाड न जाता करंगळीचे फक्त टोक कापले गेले तर २ टक्के. कामगार विम्याचा हिशेबही याच तक्त्यावर चालत आला आहे. त्यात एक टीपही आहे की एखाद्या अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला तर तो अवयव गेल्यासारखेच मानावे. ती टीप चांगली आहे, पण तिच्यात बसायला बोट पूर्ण निकामी व्हावे लागते. अर्धे वाकणारे, तळहातापासून दोन इंच दूर थांबणारे, थंडीत सुन्न पडणारे बोट तिच्यात बसत नाही. ते वैद्यकीय मंडळाच्या अंदाजावर सोडले जाते, आणि तो अंदाज बहुधा सावधच असतो.

करंगळी आणि अनामिका यांना प्रत्येकी ७ टक्के देणाऱ्यांनी कधी कुदळ धरली नसावी, असे मला नेहमी वाटते. सुई, पेन आणि स्क्रू अंगठा व तर्जनी यांचे काम. हातोडा, खुरपे, कोयता आणि सायकलची मूठ घट्ट धरून ठेवण्याचा मोठा भार या दोन शेवटच्या बोटांवर असतो. शिवाय बोटे एकेकटी जगत नाहीत. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांची शेवटची पेरे वाकवणाऱ्या कंडरा एकाच सामाईक स्नायूतून निघतात, त्यामुळे त्यांतली एक अडकली की शेजारच्या धडधाकट बोटांचीही मूठ पूर्ण मिटत नाही. सर्जन याला रोमन रथाच्या चार घोड्यांचे नाव देतात; आमच्याकडे बैलजोडीतला एक बैल अडला की दुसराही थांबतो, म्हणजे निराळे समजावून सांगायची गरज पडत नाही. त्या तक्त्यात मात्र बोटे एकेक करून मोजलेली आहेत.

आणि हाताची गरज टक्क्यांत मावत नाहीच. माझ्याकडे एकाच आठवड्यात दोन बायका आल्या होत्या. एकीचे बोट आत वळून राहिले होते आणि दुसरीचे सरळ राहून वाकत नव्हते. कोनमापकाने मोजले असते तर दोघींची उणीव जवळजवळ सारखी भरली असती. पहिलीला भाकरी थापता येत नव्हती, कारण त्यासाठी पंजा पसरावा लागतो. दुसरीला म्हशीचे दूध काढता येत नव्हते, कारण त्यासाठी मूठ मिटावी लागते. पहिलीच्या घरी म्हैस नव्हती आणि दुसरीची सून भाकरी थापत होती, म्हणून दोघींचे उपचार मी अगदी वेगळे ठरवले. या विचारालाच व्यवसायोपचार म्हणतात, आणि त्यासाठी हात पाहणारे माणूस जिल्ह्यात असावे लागते.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकवावे लागेल असेही नाही. १९५० मध्ये भारतातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या या बाईंच्या नावाची शाळा आजही फलटणला आहे. त्याच सुमारास वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांत दुसरीकडची कंडरा वळवून बसवत होते, आणि ती कंडरा नवे काम शिकेपर्यंत रुग्णाकडून सराव करून घेणे हा त्यांच्या उपचाराचाच भाग होता. आपल्याकडे डॉ. नोशीर अंटिया यांनी तशाच हातांसाठी आयुष्य वेचले, आणि मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा व सळया बाहेरून जोडून हाताची हाडे आणि सांधे सांभाळणारी जी साधी, स्वस्त रचना तयार केली, ती ‘जेस’ या नावाने देशभर वापरली जाते. सुरुवात आपण केली, पण ती मुंबईबाहेर फारशी गेली नाही. व्यवसायोपचाराची सरकारी आणि महापालिकेची महाविद्यालये मुंबईत आहेत, नागपूरला आहे, पण तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी जिल्हा रुग्णालयांत क्वचितच दिसतात. यात आमच्या व्यवसायाचाही दोष आहे. आम्हाला शहर सोडवत नाही, परदेशी नोकरी खुणावते, आणि जिल्ह्यात जायचे ठरवले तरी बसायला पद नसते. पहिले दोन दोष आमचे. तिसरा आपल्या हातात आहे.

यंत्राला आडोसा हवा आणि प्रेसवर दोन्ही हातांनी दाबायची कळ हवी, हे मी जाणते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने धोकादायक भागांना कुंपण घालण्याची सक्ती केव्हाच केली होती. त्यावर बोलणारे इतर आहेत आणि त्यांनी बोलत राहावे. हे पत्र त्या आडोशाच्या पलीकडे जाऊन आधीच कापल्या गेलेल्या हातांबद्दल आहे.

माझी पहिली विनंती पॅकेजबद्दल आहे. कंडरा, मज्जातंतू, बोटाचे तुटलेले हाड किंवा पुन्हा जोडलेले बोट, यांपैकी कोणत्याही शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये पुढच्या बारा आठवड्यांचे उपचार, स्प्लिंट आणि येण्या-जाण्याचे भाडे धरावे, आणि रक्कम दोन हप्त्यांत द्यावी. दुसरा हप्ता बाराव्या आठवड्याला बोट किती वाकते आणि किती सरळ होते याची मोजणी नोंदवल्यावरच रुग्णालयाला मिळावा. हे मी मुद्दाम म्हणते आहे, कारण तसे झाले तर रुग्णाला ‘सहा आठवड्यांनी या’ असे सांगणे रुग्णालयालाच परवडणार नाही. यावर सर्जन मंडळी नाराज होतील. त्यांच्यापैकी बरेच माझे मित्र आहेत आणि त्यांना हे मी तोंडावर सांगितले आहे.

दुसरी विनंती पदांची आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि औद्योगिक पट्ट्यातल्या प्रत्येक कामगार विमा रुग्णालयात हाताचे प्रशिक्षण घेतलेला एक व्यवसायोपचारतज्ज्ञ किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) असावा. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. स्प्लिंटचा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ होतो. पाणी तापवायचे भांडे, कात्री, पट्टे, कोनमापक आणि एक टेबल एवढ्यावर काम सुरू होते. सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे त्या माणसाचा वेळ.

तिसरी विनंती कामगार विभागाला आहे. हाताच्या इजेत ‘फिट’ प्रमाणपत्र देताना टाक्यांकडे न पाहता पकडीची ताकद आणि बोटांची हालचाल मोजलेली असावी, आणि ती मोजणी प्रमाणपत्रावरच लिहिलेली असावी. टक्क्यांचा तक्ता बदलणे हे केंद्राचे काम आहे, हे मला माहीत आहे. पण अर्धवट ताठरलेल्या बोटांचे मूल्यमापन कसे करायचे याची मार्गदर्शक सूचना वैद्यकीय मंडळांना राज्याला देता येईल.

चौथी गोष्ट खर्चाची नाही, म्हणून तीच सर्वांत आधी करता येईल. ग्रामीण रुग्णालयात दररोज असे हात येतात ज्यांना फक्त बांधून पुढे पाठवायचे असते. ते बहुतेक वेळा तळहातात बँडेजचा गुंडाळा देऊन किंवा बोटांची मुळे सरळ ठेवून बांधले जातात. मुळाचा सांधा सरळ राहिला की त्याच्या दोन्ही बाजूंचे बंध काही आठवड्यांत आखडतात आणि मग तो वाकत नाही. मनगट थोडे वर, बोटांची मुळे सत्तर ते नव्वद अंशांत वाकलेली, पुढची पेरे सरळ आणि अंगठा तळहातापासून मोकळा, अशा स्थितीत बांधलेला हात नंतर सोडवायला सोपा जातो. तो खाली लोंबकळत न ठेवता छातीच्या वर राहील असा ठेवला तर सूजही कमी राहते. तुटलेले बोट आले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते जोडण्याच्या कामाचे राहत नाही. असे गार ठेवलेले बोट बारा तासांनंतरही जोडता येऊ शकते, पण मनगटापासून तुटलेल्या पंज्याला इतका अवधी मिळत नाही, हेही रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्याला माहीत हवे. एवढा मजकूर एका पानावर, एका चित्रासह मावतो, आणि ते पान प्रत्येक ड्रेसिंगच्या खोलीत व १०८ च्या प्रत्येक गाडीत भिंतीला चिकटवता येते.

ते पान मी तयार केले आहे. चित्र माझ्या एका रुग्णाने काढले आहे. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे अजून पूर्ण मिटत नाहीत, म्हणून रेषा जरा थरथरत्या आहेत. विभागाने कळवल्यास मी ते विनामूल्य पाठवीन.

आपली विश्वासू,
एक व्यवसायोपचारतज्ज्ञ,
इचलकरंजी, जि. कोल्हापूर